आजअखेर विसर्ग

आमच्या सांगलीच्या घरात रोज सकाळी दोन चौकश्या होतात. पहिली आईची, "पोट साफ झालं का?" ती घरात त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक सजीवाला असते, पाहुणे आणि जावईही त्यातून सुटत नाहीत. दुसरी अप्पांची, आणि ती माणसांसाठी नसते. अप्पा चहाची कपबशी खाली ठेवतात, लांबचा चष्मा काढून जवळचा लावतात, कंप्युटरपुढची खुर्ची ओढतात आणि कंट्रोल, शिफ्ट, डिलीट ही तीन बटणं पेटीवर सूर धरावा तशी एकदम दाबतात. पडद्यावर खिडकी उमटायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात ते पेनचं टोपण काढून तयार. खिडकी येते, तिच्यातला आकडा अप्पा मोठ्यानं वाचतात, "दोनशे शहाऐंशी!" आणि स्वयंपाकघरातून आई म्हणते, "चला, आज तरी झालं."

हा आकडा एमबीत असतो. ब्राउझरनं साठवलेल्या तात्पुरत्या फायलींचा. अप्पा त्याला साठा म्हणतात, आणि तो पुसण्याला विसर्ग.

अप्पा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. पाणी किती आलं, किती साठलं, किती सोडलं, हे लिहिण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्तीनंतर धरण सुटलं, नोंदवही सुटली नाही. ती आजही आहे. दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची, पट्टी धरून आखलेल्या सहा रकान्यांची: तारीख, वेळ, साठा, विसर्ग, आजअखेर विसर्ग, शेरा. पूर्वी हिच्यात घरच्या टाकीची पातळी लिहीत. मधल्या पानांपासून कंप्युटर सुरू होतो. मी मे महिन्यात गेले तेव्हाची नोंद अशी होती: "१४ मे. स. ७.१०. साठा २८६ एमबी. विसर्ग २८६ एमबी. आजअखेर ४१२.७ जीबी. शेरा: पाने सावकाश उघडतात."

मी हिशेब करून पाहिला. कंप्युटरची सगळी हार्ड डिस्क मिळून ३२० जीबीची आहे. म्हणजे तिच्यात मावेल त्यापेक्षा जास्त कचरा अप्पांनी तिच्यातून काढला आहे. हे त्यांना दाखवलं तर म्हणाले, "त्यात काय? कोयना १०५.२५ टीएमसीची आहे. पावसाळा चांगला झाला तर त्याहून जास्त पाणी येतं न् जातं."

कंप्युटर २०१० सालचा. असेंबल्ड. दोन जीबी रॅम, विंडोज ७, आणि मागच्या बाजूला एक पंखा, जो सुरू झाला की शेजारच्या काकू गिरणी चालू झाली समजून डबा काढतात. जोडून देणाऱ्या मुलानं हार्ड डिस्कचे चार भाग पाडून दिले होते. सी ४० जीबीचा. बाकी डी, ई, एफ ऐसपैस. डीला त्यानं स्वतःहून "गाणी" असं नाव दिलं, ईला "फोटो". डीमध्ये नाट्यगीतांचं एक फोल्डर आहे. ईमध्ये माझं लग्न. एफमध्ये काहीच नाही, पहिल्या दिवसापासून नाही. आणि सीमध्ये विंडोज, सगळे प्रोग्रॅम, डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक वस्तू आणि ब्राउझरचा साठा. चार खोल्यांचं घर घ्यावं आणि सगळं बिऱ्हाड मोरीत थाटावं, तसं.

सी भरत आला की विंडोज त्याची निळी पट्टी लाल करतं. ज्या माणसानं दर पावसाळ्यात आयर्विन पुलाखालची पातळी तासातासाला विचारली आहे, इशारा ४० फूट, धोका ४५ फूट हे ज्याच्या अंगात भिनलं आहे, त्याला ही लाल पट्टी दाखवणं म्हणजे काय, ते पट्टी करणाऱ्याला कळलं असेल असं वाटत नाही. अप्पांनी त्या दिवशी दुपारची झोप घेतली नाही.

पण विसर्गाची सुरुवात लाल पट्टीनं झाली नव्हती. ती एका बिलानं झाली. कसलं ते सांगत नाही. अप्पा बिल भरायला बसले, पैसे भरायच्या पानावर गोल गोल चक्र फिरत राहिलं, आणि त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. अकरा मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही आधी कॅश क्लिअर करा."

"मॅडम, कॅश क्लिअर करायलाच तर बसलोय," अप्पा म्हणाले. "तुमचं पान घेईना."

"नाही सर, तुमच्याकडची कॅश पूर्ण क्लिअर करा. मग होईल."

अप्पांनी फोन ठेवला, आईला कपाटाची किल्ली कमरेला लावायला सांगितलं आणि मला ठाण्याला फोन केला की सायबर चोरांनी आता मराठी मुली नेमल्या आहेत. दुर्दैव असं, की त्या मुलीचा उच्चार शंभर टक्के बरोबर होता. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा कॅची म्हणतो, माझा नवरा कॅशे म्हणतो, आणि दोघांनाही सगळे मान देतात. बरोबर बोलणारी तेवढी चोर ठरली.

शब्द मूळचा फ्रेंच. लपवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. उत्तर अमेरिकेच्या जंगलात फरसाठी सापळे लावत फिरणारे लोक सगळा शिधा पाठीवर कुठे वाहणार, म्हणून परतीच्या वाटेवर खड्डे करून त्यात पुरून ठेवत. त्या पुरलेल्या साठ्याला ते कॅश म्हणत. १९६८ मध्ये आयबीएमनं आपल्या ३६० मालिकेतल्या ८५ क्रमांकाच्या यंत्रात मोठ्या, संथ स्मरणाच्या पुढे एक छोटं, चपळ स्मरण बसवलं आणि त्याला हेच नाव दिलं. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांना आयबीएमचं काही कौतुक वाटलं नाही. "म्हणजे पेव," ते म्हणाले.

अगदी पेवच. आणि हे सांगलीच्या माणसाला सांगावं लागत नाही, कारण हळदीची पेवं आमच्या हरिपुरात होती. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीच्या पोटात, वरून बघणाऱ्याला पत्ता न लागेल अशी. हळद वर्षानुवर्षं आत राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे, आत हवा कोंडलेली असायची. आधी कंदील सोडून बघायचे, तो विझला नाही तरच माणूस खाली जायचा. ब्राउझरच्या पेवात उतरण्याआधीही असलं काहीतरी करायला हवं होतं. त्याकडे मी येतेच.

आधी या पेवाची गरज का पडली ते. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं ते टेलिफोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडायचा, मग खोकायचा, मग गप्प व्हायचा. गप्प झाला की लागलं समजायचं. ५६ केबीपीएसचा मोडेम म्हणजे सगळे ग्रह उच्चीचे असतानाही सेकंदाला ७ किलोबाइट. पन्नास केबीचं एखादं चित्र वरून खाली पडदा सोडावा तसं सात-आठ सेकंद उतरत राहायचं, आणि माणसाचा चेहरा दिसेपर्यंत आत्या फोन लावून लावून दमलेली असायची. इतक्या कष्टानं आणलेलं चित्र पान बदलताच फेकून कोण देईल? ब्राउझरनं ते पेवात टाकलं. पुढच्या वेळी तेच पान उघडलं की तारेवर न जाता घरातूनच काढून दाखवलं.

हे मी अप्पांना समजावत होते तेव्हा आई ओट्याशी होती. म्हटलं, अप्पा, हा कचरा नाही, हा आईचा मिसळणाचा डबा आहे. रोज लागणारं हाताशी. तुम्ही तो रोज सकाळी पुसता आणि मग शेऱ्यात लिहिता की पाने सावकाश उघडतात. सावकाशच उघडणार, सगळं पुन्हा बाहेरून आणावं लागतं. ब्राउझर तसं त्या खिडकीत लिहूनही देतो, की पुढच्या भेटीत काही पानं हळू उघडतील.

"ते बारीक अक्षरात आहे," अप्पा म्हणाले. "बारीक अक्षरातलं कंत्राटदारासाठी असतं."

आईला मात्र लख्ख समजलं. "म्हणजे रोज रात्री मी मोहरी-जिरं कचऱ्यात ओतायचं, आणि रोज सकाळी तेल तापल्यावर वाण्याकडे पळायचं, असं चाललंय होय यांचं?"

"मोहरीला कीड लागते," अप्पा म्हणाले.

आणि त्यात ते चूक नव्हते, हीच पंचाईत. साठवलेल्या बहुतेक फायलींना देणाऱ्यानं मुदत लावून दिलेली असते. मुदतीच्या आत पान बदललं आणि बदलणाऱ्यानं नीट कळवलं नाही, तर ब्राउझर जुनंच वाढतो. त्या बिलाच्या पानाचं तेच झालं होतं. साठा पुसला, चक्र थांबलं, बिल भरलं गेलं. त्या एका दिवशी औषध लागू पडलं, आणि एरंडेल एकदा लागू पडलं की आमच्या घरात ते कानदुखीवरही देतात.

खरं दुखणं वेगळं आहे. दोन जीबी रॅममध्ये आजची पानं मावत नाहीत. चार टॅब उघडले की ती भरते, मग विंडोज सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं, आणि ती हार्ड डिस्क म्हणजे अजून चकती फिरवणारी. शिफ्ट आणि एस्केप दाबून क्रोमचा आतला तक्ता उघडला आणि अप्पांना दाखवलं, की हे बघा, एकटं बातम्यांचं पान किती खातंय. अप्पांनी बराच वेळ तक्ता पाहिला. मग म्हणाले, "बातम्या कमी झाल्यात, पान वाढलंय." हे मला सुचायला हवं होतं.

दुकानातल्या मुलाला बोलावलं. तो आता मालक आहे, पोट सुटलंय, पण अप्पांना अजून काकाच म्हणतो. त्यानं कॅबिनेटची एक बाजू उघडली, आतली धूळ बघून आदरानं परत लावली. "काका, एसएसडी टाका आणि रॅम वाढवा. नाहीतर सरळ नवा घ्या. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. क्रोमसुद्धा १०९ नंतर पुढचं देत नाही."

"मलाही २००४ नंतर पुढचं काही दिलेलं नाही," अप्पा म्हणाले. "चालतोय ना मी?"

मुलगा चहा पिऊन गेला. क्रोम उघडताना वर येणारी ती पट्टी, पुढच्या सुधारणांसाठी विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल ही, अप्पा रोज नेमानं वाचतात आणि फुलीवर टिचकी मारून मिटवतात. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला कायमची सूचना म्हणजे सूचनाच वाटत नाही.

क्रोमची खिडकी त्यांना पुरेना झाली तेव्हा कुणीतरी त्यांना टेम्प फोल्डर शिकवलं. विंडोजची कळ आणि आर, मग शतमानाच्या दोन चिन्हांमध्ये टेम्प. तिथे साडेतीन हजार फायली निघाल्या. अप्पांनी सगळ्या निवडल्या, डिलीट दाबलं, बऱ्याचशा गेल्या, आणि एकीवर गाडी अडली: ही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, काढता येणार नाही. पुन्हा करून पाहिलं. नाही. कंप्युटर बंद करून पाहिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. अप्पांनी वहीत शेरा मारला: "एक फाइल हलत नाही. कूळ लागले आहे." आमच्या आजोबांची जमीन कुळकायद्यात गेली, त्यामुळे पुढे त्या फाइलच्या वाटेला कुणी गेलं नाही.

एका गुरुवारी अप्पा प्राथमिकवरून प्रगतवर गेले. म्हणजे त्या खिडकीला दोन पानं असतात, साधं आणि वाढीव. वाढीवमध्ये रकाने जास्त. परीक्षेचा फॉर्म भरावा तशा त्यांनी सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, कालावधी "सुरुवातीपासून" निवडला आणि दाबलं. कुकीज गेल्या, साठवलेले पासवर्ड गेले. पेन्शनच्या पानापासून आईच्या भजनी मंडळाच्या ईमेलपर्यंत प्रत्येक दारावर "आपण कोण?" सुरू झालं. मी ठाण्याहून फोनवर हताश होऊन विचारलं, आता पासवर्ड कुठून आणणार? अप्पांनी शांतपणे वहीचं शेवटचं पान उघडलं. सगळे होते. लाल शाईनं, अनुक्रमांकासह. माझ्या बँकेचाही होता, जो मी त्यांना कधी सांगितलेला नव्हता.

तर आता पेवात उतरणं. मे महिन्यातल्या त्या मुक्कामात मला वाटलं, रोज विसर्ग करूनही सी लाल का राहतो ते एकदा बघावं. बघता बघता लक्षात आलं, की अप्पा रोज जो साठा पुसतात तो क्रोमचा. पण या कंप्युटरवर क्रोम आलं २०१२ मध्ये. त्याआधी दीड-दोन वर्षं आम्ही इंटरनेट एक्स्प्लोरर वापरत होतो. त्याचं पेव वेगळं, आणि ते कुणीच उघडलं नव्हतं. लाल पट्टीचं कारण काही ते नव्हतं, एवढ्याशा साठ्यानं पट्टीला काही फरक पडत नाही; पण आता उत्सुकता लागली होती.

सेटिंगमध्ये गेले. किती जागा द्यायची त्याची चौकट होती, ५० ते २५० एमबीची शिफारस शेजारी छापलेली. शिफारस हा शब्द ऐकताच अप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसले. "फायली पाहा" म्हणून एक बटण होतं. दाबलं. पंखा गरजला. कंदील विझला नाही.

यादी उतरली. नाव, पत्ता, प्रकार, आकार, मुदत, शेवटची भेट. क्रोमच्या साठ्यात सगळ्या फायलींना कैद्यांसारखे आकडे असतात, इथे निदान नावं होती, प्रत्येक नावापुढे चौकोनी कंसात १ किंवा २. एक चित्र होतं लांबीला एक ठिपका, रुंदीला एक ठिपका, आणि रंग पारदर्शक. अप्पांना ते पटेना. न दिसणारं चित्र ठेवायचं कशाला? म्हटलं, ते आपल्याला दिसायला नसतंच, आपण त्याला दिसावं म्हणून असतं. ते मागवलं गेलं की पलीकडच्याला कळतं, इथे कुणीतरी पान उघडलं. "म्हणजे गुप्त पोलीस," अप्पा म्हणाले आणि मान डोलावली. एका पाच केबीच्या फाइलनं डिस्कवर आठ केबी अडवले होते, कारण जागा चार-चार केबीच्या ठोकळ्यांतच मिळते. एसटीत शेजारच्या सीटवर रुमाल टाकून बसणाऱ्यासारखं. मग एक कुकी दिसली, मुदत २०३८. सेकंद मोजायची जुनी रीत १९ जानेवारी २०३८ ला संपते, त्यापुढची तारीख तिला लिहिताच येत नाही. म्हणून कायमचं राहायचं असेल त्यांनी ती तारीख घालून ठेवायची पद्धत होती.

अप्पा खरोखर दुखावले. "मला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं. आणि याला २०३८ पर्यंत विचारणारं कुणी नाही!"

त्याच्या खाली फोटो होते. फोटो, कंसात १. फोटो, कंसात २. तारखा २०११ च्या. मी एकावर दोनदा टिचकी मारली, तर विंडोजनं विचारलं, ही वस्तू उघडणं सुरक्षित नसण्याची शक्यता आहे, पुढे जायचं का?

पुढे जायला नको होतं. २०११ मध्ये आमच्या घरात या कंप्युटरवर एकच काम चालायचं, माझ्यासाठी स्थळं बघणं. अंगठ्याएवढे फोटो, पासपोर्टचे, कुणाच्या मागे महाबळेश्वर, कुणाच्या मागे दुसऱ्याची मोटार. नकार दिलेले, नकार आलेले, पत्रिकेत अडलेले, सगळे तेरा वर्षं इथे खाली कोरडे ठणठणीत राहिले होते. आई हात पुसत आली आणि वाकून बघायला लागली.

"हा जयसिंगपूरचा," अप्पा म्हणाले. "हा बरा होता."

"हळू बोला," आई म्हणाली. पलीकडच्या खोलीत माझा नवरा झोपला होता.

"मी उंचीबद्दल म्हणतोय."

मग कंसात २ उघडला. ते आमचे हे. तेव्हाचे केस, तेव्हाची मिशी, आणि चेहऱ्यावर ईसीजी काढायला झोपवल्यासारखा भाव. नाव दोन्ही फायलींचं एकच होतं, नुसतंच "फोटो". आधी आला त्याला १ मिळाला आणि मागून आलेल्याला २. बाकी त्यात काही नाही. हे मी आईला दोनदा सांगितलं.

मी सगळं निवडलं आणि डिलीटवर बोट ठेवलं. अप्पांनी माझा हात धरला.

"मृत साठा आहे हा," ते म्हणाले. "विसर्गाचं दार त्याच्या वर असतं. दाराखालचं पाणी सोडायचं नसतं. कोयनेतसुद्धा सुमारे पाच टीएमसी तसंच ठेवतात."

"त्याचा उपयोग काय?"

"उपयोगासाठी नसतं ते."

त्यांनी खिडकी बंद केली, वही पुढे ओढली आणि पट्टी लावून एक नवा रकाना आखला. सातवा. त्यात लिहिलं, ४७ एमबी. शेरा: कायम ठेवणे.

मग पलीकडच्या खोलीतून चपलांचा आवाज आला आणि आई दारात जाऊन म्हणाली, "उठलात? पोट साफ झालं का?"